एका शब्दाची दोन बिऱ्हाडे

इंग्रजी भाषेला एक जुनी सवय आहे. एकाच घरात दोन भलतीच बिऱ्हाडे ठेवायची आणि त्यांची एकमेकांशी ओळखही करून द्यायची नाही. 'बंटिंग' हा शब्द म्हणजे अशा घराचा अगदी नमुना. शब्दकोश उघडून पाहावा, तर पहिल्या खोलीत एक पक्षी राहतो. चिमणीपेक्षा जरा मोठा, दाणे टिपणारा, जाड चोचीचा, विणीच्या दिवसांत झुडपाच्या शेंड्यावर बसून गाणारा. दुसऱ्या खोलीत एक कापड राहते. विरळ विणीचे, हलके, ज्याची निशाणे शिवतात ते. आणि मागच्या पडवीत या कापडाचेच एक लेकरू, म्हणजे उत्सवाच्या दिवशी दोरीला बांधून रस्त्यावर आडव्या ताणलेल्या पताकांच्या माळा. त्यांनाही बंटिंगच म्हणायचे.

मराठी माणसाला या तिन्ही गोष्टी परक्या नाहीत. पक्ष्याला आपण भारीट म्हणतो. पताका तर आपल्याला पंढरीच्या वाटेवरच्या ठाऊक आहेत आणि पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री घोटीव कागदाला खळ लावून सुतळीवर चिकटवलेल्याही ठाऊक आहेत. निवडणुकीच्या हिशेबात उमेदवार 'फ्लॅग्ज, बॅनर्स अँड बंटिंग्ज' असा खर्च दाखवतो, त्याचे 'झेंडे, फलक, पताका' असे भाषांतर कोणताही कारकून न अडखळता करील. अडते ते मधल्या खोलीशी. निशाणाच्या त्या खास कापडाला मराठीत काय म्हणायचे? झेंड्याला आपल्याकडे शब्दांची ददात नाही. ध्वज, निशाण, पताका, बावटा, जरीपटका, गुढी. पण झेंडा ज्याचा होतो त्या कापडाला मात्र आपण नुसते 'कापड' म्हणून मोकळे होतो.

आता कोणी म्हणेल, यात एवढे काय अडले आहे? कापडाला कापड म्हणावे, पाखराला पाखरू म्हणावे. अडले आहे ते असे, की ज्या गोष्टीला नेमके नाव नसते ती गोष्ट हळूच बदलली किंवा नाहीशी झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. या एका इंग्रजी शब्दाच्या दोन्ही बिऱ्हाडांवर, पक्ष्यावरही आणि कापडावरही, अलीकडच्या वर्षांत नेमका हाच प्रसंग आला आहे.

पतंग, यारी आणि बदक

आधी या दोन बिऱ्हाडांचे काही नाते आहे का, ते पाहू. पंख फडफडतात, पताकाही फडफडते. तेव्हा पक्ष्यावरूनच कापडाला नाव पडले असेल, असा तर्क कोणाच्याही मनात येतो. असे तर्क काही वेळा खरेही ठरतात. इंग्रजीत 'काइट' म्हणजे घार आणि 'काइट' म्हणजे पतंग. इथे नाते सख्खे आहे. आकाशात पंख न हलवता तरंगणाऱ्या घारीवरून कागदी पतंगाला ते नाव मिळाले. आमच्या बँकेच्या धंद्यात हा शब्द आणखी एक पायरी पुढे गेला. दोन बँकांत दोन खाती उघडायची, या खात्याचा चेक त्या खात्यात आणि त्या खात्याचा चेक या खात्यात टाकायचा, आणि चेक वटून येईपर्यंतच्या मधल्या दिवसांत नसलेल्या पैशांवर चैन करायची, या उद्योगाला आम्ही 'काइट फ्लाइंग' म्हणत असू. घारीवरून पतंग आणि पतंगावरून लबाडी अशी ही वंशावळ. मराठीतला 'पतंग' तर त्याहून गमतीचा, कारण संस्कृतात पतंग म्हणजे पाखरू, किडा आणि सूर्यसुद्धा.

'क्रेन'चेही तसेच. उंच मानेचा क्रौंच आणि गोदीत ओझी उचलणारे यंत्र यांचे इंग्रजीत एकच नाव आहे, कारण यंत्राची मान पक्ष्यासारखी. ग्रीक भाषेतही या दोघांना एकच शब्द होता. मराठीने हा घोळ ठेवला नाही. पक्ष्याला क्रौंच म्हटले आणि यंत्राला यारी.

पण 'डक' पाहा. डक म्हणजे बदक, हे पहिलीतला मुलगा सांगेल. डक म्हणजे जाडेभरडे मजबूत कापड, हे कापडवाला सांगेल. बदक पाण्यात असते, जहाजावरचे खलाशी या कापडाच्या पांढऱ्या विजारी घालत, तेव्हा इथे काही संबंध असणारच, असे वाटते. प्रत्यक्षात तो नाही. कापडाचे 'डक' हे डच भाषेतल्या कापडवाचक 'डूक' शब्दावरून आले. बदकाशी त्याचे देणेघेणे काही नाही. दोन गावचे दोन प्रवासी एकाच नावाने एकाच धर्मशाळेत उतरावेत, तसा हा प्रकार.

बंटिंगची जातकुळी या बदकाची. पक्ष्याचे नाव जुने. इसवी सन १३००च्या सुमारापासून ते इंग्रजीत आढळते. त्याचे मूळ कोशकारांना लागलेले नाही. गुबगुबीत, गोलमटोल अशा अर्थाच्या एका शब्दाशी ते नाते जोडून पाहतात. बाळाला थोपटताना इंग्रज आया जे एक प्रसिद्ध अंगाईगीत म्हणतात, त्यातही बाळाला याच नावाने हाक आहे. आपण 'माझी चिमणी' म्हणतो तशीच ही हाक असावी, असे कोणाही मराठी आईला वाटेल. कापडाचे नाव मात्र अठराव्या शतकातले. म्हणजे दोघांच्या वयात चारशे वर्षांहून अधिक अंतर आहे.

या कापडाच्या नावाची एक उपपत्ती मला फार आवडते. जुन्या इंग्रजीत चाळणे, गाळणे अशा अर्थाचे एक क्रियापद होते; पीठ चाळायला जे विरळ विणीचे फडके वापरत, त्यावरून हे नाव आले असावे, असे कोशकार सुचवतात. याला शेजारच्या भाषेचा आधारही आहे. फ्रेंचमध्ये या निशाणाच्या कापडाला 'एतामिन' म्हणतात, आणि एतामिन हेच स्वयंपाकघरात रस्सा गाळायचे फडके. दुसरा तर्क जर्मन भाषेतल्या 'बुंट' म्हणजे रंगीबेरंगी या शब्दाकडे बोट दाखवतो. निकाल कोशकारांनी राखून ठेवला आहे. पण आजीच्या हातचे वस्त्रगाळ पीठ किंवा वैद्याचे वस्त्रगाळ चूर्ण ज्याने पाहिले आहे, त्याला पहिल्या तर्काचे मर्म चटकन कळेल. ज्या कापडातून पीठ सुटते, त्याच कापडातून वाराही सुटतो. निशाणाला हेच तर हवे असते. घट्ट विणीचे कापड वाऱ्याशी भांडते आणि फाटते. विरळ विणीचे वाऱ्याला वाट देते आणि डौलाने उडते.

बोलणारे कापड

मूळचे बंटिंग लोकरीचे. लोकर रंग चांगला धरते आणि हलक्या वाऱ्यातही उठते, म्हणून जहाजांवर तिची मातबरी. तारायंत्र किंवा रेडिओ नव्हता त्या काळात समुद्रावर एका जहाजाने दुसऱ्याशी बोलायचे ते निशाणांनी. ब्रिटिश नौदलात निशाणे चढवणाऱ्या खलाशाला तर 'बंटिंग टॉसर', म्हणजे बंटिंग उडवणारा, असेच नाव पडले. आपल्या कोकणातही वादळाची सूचना आजवर 'तीन नंबरचा बावटा लागला' अशीच सांगतात. बंदरावर प्रत्यक्षात शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढतात, पण शब्द बावट्याचा राहिला.

या बोलणाऱ्या कापडाने एकदा भाषांतरकाराचे कामही केले. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईआधी नेल्सनने आपल्या आरमाराला एक संदेश द्यायचे ठरवले. प्रत्येकजण आपले कर्तव्य बजावील असा इंग्लंडला 'विश्वास आहे', असे त्याच्या मनात होते. निशाणे सांभाळणारा लेफ्टनंट पास्को म्हणाला, 'विश्वास' या अर्थाचा तो शब्द सांकेतिक पुस्तकात नाही, अक्षर अक्षर लावत बसावे लागेल. 'अपेक्षा आहे' हा शब्द मात्र तयार आहे. वेळ थोडा होता. नेल्सनने मान्यता दिली आणि इतिहासात 'विश्वासा'च्या जागी 'अपेक्षा' गेली. गंमत म्हणजे 'कर्तव्य' हा शब्दही त्या पुस्तकात नव्हता. तो मात्र त्यांनी अक्षर अक्षर लावून पुरा केला. कोणता शब्द जवळच्या दुसऱ्या शब्दावर निभावून न्यायचा आणि कोणता काही झाले तरी बदलायचा नाही, भाषांतराचे सारे शास्त्र या एका प्रसंगात आले.

झेंडा आपला असला तरी त्याचे कापड कोणाचे, हा प्रश्नही या शब्दाच्या पोटात दडलेला आहे. अमेरिकेचे राष्ट्रगीत ज्या झेंड्यावरून सुचले, तो मेरी पिकर्सगिल नावाच्या बाईने १८१३ साली बाल्टिमोर शहरात शिवला. तीस फूट रुंद, बेचाळीस फूट लांब. इंग्रजांशी युद्ध चालू होते. १८१४ साली इंग्रजी आरमाराच्या तोफांपुढे हाच झेंडा फोर्ट मॅकहेन्रीवर झळकला. पण त्याचे लोकरी बंटिंग होते इंग्लंडमध्ये विणलेले. लढाई ज्याच्याशी, कापड त्याचेच! अमेरिकेत विणलेल्या बंटिंगचा झेंडा वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चढायला १८६६ साल उजाडावे लागले.

ही विसंगती गांधीजींच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. १९२१ साली 'यंग इंडिया'त राष्ट्रध्वजाविषयी लिहिताना त्यांनी रंगांइतकेच महत्त्व कापडाला दिले. झेंडा खादीचाच हवा. परक्या सुतावर स्वराज्याची खूण काढायची, तर ते स्वराज्य कसले? पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत पंडित नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला, तेव्हा सभासदांना दाखवायला त्यांनी दोन ध्वज आणले होते. एक रेशमी खादीचा, दुसरा सुती खादीचा.

खादीचे बदक

इथे आपल्या शब्दाचा भारतात रीतसर प्रवेश होतो. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेत लिहिले होते की राष्ट्रध्वज हातकताईच्या आणि हातविणीच्या लोकरी, सुती किंवा रेशमी 'खादी बंटिंग'चा असावा. ध्वजाचे अंग खादी बंटिंगचे, आणि काठीच्या बाजूला जी दोरी ओवायची मजबूत पट्टी असते ती 'खादी डक'ची. म्हणजे पाहा, आपला राष्ट्रध्वज दोन कापडांचा बनतो आणि दोन्हींची इंग्रजी नावे पाखरांची. एखाद्या उतावळ्या भाषांतरकाराच्या हाती हे वाक्य लागले, तर तो तिरंग्याच्या कडेला खादीचे बदक शिवायला कमी करणार नाही. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. शब्द कोशात आहे, अर्थही कोशात आहे, पण वस्तू पाहिलेली नाही, अशा अवस्थेत केलेले भाषांतर नेमके असेच फसते.

ही वस्तू पाहायची तर फार दूर जायला नको. हुबळीजवळ बेंगेरी इथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे, १९५७ साली स्थापन झालेला. भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राने राष्ट्रध्वज तयार करणारी ही संस्था. धारवाड आणि बागलकोट जिल्ह्यांतल्या हातमागांवर त्याचे कापड विणले जाते. धारवाडजवळचे गरग हे गाव तर ध्वजाच्या खादीसाठीच नावाजलेले. सूत कातणे, विणणे, रंगवणे, चक्र छापणे, शिवणे, तपासणे, अशा एकेका हातातून ध्वज पुढे सरकतो. यातले कितीतरी हात बायकांचे आहेत. प्रमाण तीनास दोन, आणि आकार ठरलेले नऊ. सर्वांत मोठा ६३०० मिलिमीटर लांब आणि ४२०० मिलिमीटर रुंद, म्हणजे एखाद्या ऐसपैस खोलीएवढा. सर्वांत धाकटा १५० बाय १०० मिलिमीटर, टेबलावर ठेवायचा. चक्राचे आरे चोवीस, आणि ते दोन्ही बाजूंनी जुळलेच पाहिजेत.

आमच्या बँकेत डेड स्टॉक रजिस्टर नावाची एक वही असे. टेबले, खुर्च्या, तिजोरी, पंखे, यांच्या रांगेत एक ओळ ध्वजाची. पंधरा ऑगस्टच्या आधी शिपाई खादी भांडारातून नवा ध्वज आणी आणि वहीत नोंद होई. 'राष्ट्रध्वज, खादी, नग एक.' त्या एका शब्दात, 'खादी'त, काय काय भरलेले आहे याचा विचार आम्ही कोणी करत नसू. शब्द लिहिला की वस्तू आलीच, अशी आमची भाबडी खात्री असे.

ती खात्री आता ठेवता येत नाही. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. हातकताई-हातविणीबरोबर यंत्रावर केलेला आणि सूत, लोकर, रेशीम यांबरोबर पॉलिएस्टरचा ध्वजही चालेल असे ठरले. पुढच्याच वर्षी, २०२२ साली, 'हर घर तिरंगा' मोहीम झाली. घराघरावर ध्वज लागायचे तर तो स्वस्त आणि मुबलक हवा, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. ज्या घराला मोठा खादीचा ध्वज परवडत नाही, त्या घरालाही तिरंगा उभारण्याचा हक्क आहेच. पण वाक्याच्या शेवटी जुना शब्द तसाच राहिला. यंत्रावर केलेले, पॉलिएस्टरचे, आणि तरीही 'खादी बंटिंग'! खादीची व्याख्या तर १९५६च्या खादी कायद्यात स्पष्ट आहे. भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुतापासून हातमागावर विणलेले कापड, ती खादी. यंत्रावरच्या पॉलिएस्टरला त्या व्याख्येत पाय ठेवायला जागा नाही.

म्हणजे झाले काय? कापड बदलले आणि नाव मात्र जुन्याच पाटीखाली राहिले. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खातेदार बदलला पण पासबुक तेच. २०२२ साली ध्वजांची मागणी देशभर उसळली असताना हुबळीच्या संघाला मात्र आपली मागणी घटल्याचे जाहीरपणे सांगावे लागले, नव्या नियमाचा निषेध करावा लागला. पॉलिएस्टरला सरळ पॉलिएस्टर म्हटले असते, तर निदान घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळले असते, आणि हातमागावरच्या माणसाच्या कामाचे नाव त्याच्यापाशी राहिले असते.

ज्वारीवरचे पाहुणे

आता पहिल्या बिऱ्हाडाकडे येऊ. दिवाळीच्या आगेमागे आपल्या माळरानांवर आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांवर पिवळ्याजर्द पोटाच्या पाखरांचे थवे उतरतात. नराचे डोके काळे, पाठ तांबूस, पोट हळदीने माखल्यासारखे. हा काळ्या डोक्याचा भारीट. आग्नेय युरोपापासून इराणपर्यंतच्या मुलखात त्याची वीण होते आणि हिवाळा काढायला तो पश्चिम आणि मध्य भारतात येतो. त्याच्यासोबत मध्य आशियातून लाल डोक्याचा भारीटही येतो. मार्च-एप्रिलात दोघे परत जातात. आपल्या शेतकऱ्याला मात्र त्यांची पारपत्रे पाहायला सवड नसते. हुरड्यात आलेल्या कणसांवर थवा उतरला, की माळ्यावरून गोफण फिरते आणि आरोळी उठते. त्याच शेतात बांधापासून बांधापर्यंत दोरी ताणून तिला फडकी, चिंध्या, अलीकडे चकचकीत फिती बांधलेल्या असतात. इंग्रजीच्या दोन्ही खोल्यांतले भाडेकरू एकमेकांसमोर उभे ठाकतात ते इथे. बंटिंगला हाकलायला बंटिंग!

एक भारीट मात्र आपल्याकडे बारमाही राहतो. डोक्यावर टोकदार तुरा, अंग काळेभोर, पंख तांबूस. पावसाळ्यात पुण्याच्या आसपासच्या गवताळ, खडकाळ डोंगरउतारांवर तो दगडावर किंवा झुडपाच्या शेंड्यावर बसून गातो. भर श्रावणात टेकडीवर जाणाऱ्या किती जणांनी त्याला नावानिशी ओळखले असेल? बहुतेकांच्या लेखी ती 'एक काळी चिमणी' असते.

इतर भाषांनी या पक्ष्याला किती आस्थेने नावे दिली आहेत! स्पॅनिश लोक त्याला 'एस्क्रिबानो' म्हणतात, म्हणजे लेखनिक, कारण त्याच्या अंड्यांवर शाईने गिरगटल्यासारख्या रेघोट्या असतात. माझ्यासारख्या आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला हे नाव विशेष भावते. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी तिथल्या वेगळ्याच कुळातल्या पाखरांना केवळ सवयीने 'बंटिंग' हे मायदेशीचे नाव दिले. त्यांतल्या नीळरंगी बंटिंगला स्टीफन एम्लेन या शास्त्रज्ञाने तारांगणाच्या घुमटाखाली ठेवून पाहिले आणि १९६७ साली दाखवून दिले की हे इवलेसे पाखरू रात्रीच्या प्रवासाची दिशा ताऱ्यांवरून ठरवते. मराठीतही ही आस्था नाही असे नाही. मारुती चितमपल्ली यांनी पक्षीकोश रचून पाखरांना त्यांची मराठी नावे मिळवून दिली; कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या विणीच्या जागेला 'सारंगागार' असे शब्द त्यांनीच रूढ केले. शब्द आहेत. आपण ते वापरात ठेवत नाही.

त्याचे मोल काय असते ते पिवळ्या छातीच्या भारीटाच्या गोष्टीवरून कळते. फिनलंडपासून जपानपर्यंत या पक्ष्याची वस्ती होती आणि हिवाळ्यात तो आपल्या ईशान्य भारतातही येई. इतका विपुल, की त्याची काळजी करावी असे कोणाच्या मनातही आले नाही. चीनमध्ये त्याचे नाव 'भाताच्या फुलोऱ्याचे पाखरू' अशा अर्थाचे, पण ते नाव शेताकडून हळूहळू खाणावळीकडे सरकले. पौष्टिक म्हणून जाळी लावून त्याचे थवेच्या थवे धरले गेले. १९९७ साली तिथे शिकारीवर बंदी आली, तरी चोरटा बाजार चालूच राहिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सांगितले की १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली. २००४ साली ज्याची गणना 'चिंता नको' या वर्गात होती, तो २०१७ साली 'अतिसंकटग्रस्त' ठरला. तेरा वर्षांत! बँकेत एखाद्या खात्यातली शिल्लक अशी उतरू लागली असती, तर पहिल्या तिमाहीतच कोणीतरी लाल शाईने शेरा मारला असता. पण ज्याला सगळे 'एक पाखरू' म्हणत होते, त्याच्या वहीकडे पाहायला फारसे कोणी नव्हते.

मग या शब्दाचे भाषांतर करायचे तरी कसे? माझ्यापुरते मी ते असे लावले आहे. रस्त्यावर टांगलेल्या असतील तर पताका. शेतात उतरला असेल तर भारीट, आणि डोक्याचा किंवा छातीचा रंग लावून भारीट, नुसता नव्हे. झेंड्याचे कापड असेल तर 'निशाणाचे कापड' किंवा 'ध्वजवस्त्र', आणि त्याच्या आधी ते कशाचे आहे ते सरळ लिहायचे. सुती खादी, रेशमी खादी, पॉलिएस्टर. दोन अक्षरे जास्त पडतील, पडू द्यावीत. पास्कोने 'कर्तव्य' अक्षर अक्षर लावलेच ना?

इंग्रजीने योगायोगाने एका नावाखाली आणलेल्या या दोघांना मराठीत एक नाव देण्याची गरज नाही. आपल्याकडे त्यांची गाठ नामात पडत नाही, क्रियापदात पडते. पंख फडफडतात, पताका फडफडतात, झेंडा फडकतो, आणि ज्यातून पीठ गाळायचे तेही फडकेच. या 'फड' आवाजात वारा आहे, वस्त्र आहे आणि पाखरूही आहे. एवढे एकत्र येणे पुरेसे आहे.

तेव्हा येत्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन ध्वज आणायला जाल, तेव्हा विकणाऱ्याला एवढेच विचारा, "कापड कशाचे?" आणि थंडीत हुरड्याच्या निमित्ताने एखाद्या शेतावर गेलात आणि कणसांवरून पिवळा थवा उठला, तर राखणीला बसलेल्या आजोबांना विचारा, "ही कोणती पाखरं?" दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळेलच असे नाही. पण विचारणारे असले म्हणजे उत्तर सांगणारेही टिकतात.